मैदानाचे माप आणि षटकाराचा नियम



भाताची कापणी व झोडणी आटोपली की माणगाव परिसरातील खाचरे खेळासाठी मोकळी होतात. धसकटे काढून, जमीन चोपून खेळपट्टी केली जाते आणि टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट सुरू होते. खेळपट्टीचे माप ठरलेले आहे : २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. सीमारेषेचे तसे नाही. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यातही ती मैदानानुसार ६५ ते ९० यार्डांच्या दरम्यान आखली जाते. खाचरात मात्र ती बांधच ठरवितो. एका बाजूस बांध जवळ, दुसऱ्या बाजूस ओहोळ, तिसऱ्या बाजूस कौलारू घर.

अशा आखूड जागेत प्रत्येक उंच टोल्याला सहा धावा दिल्या, तर मनगटात जोर असलेले दोघे-तिघेच खेळतात. उरलेले चेंडू शोधीत फिरतात. म्हणूनच त्या बाजूला चेंडू थेट बाहेर गेल्यास फलंदाज बाद, असा नियम अनेक ठिकाणी पाळला जातो. मग फलंदाज चेंडू जमिनीलगत मारतो, मोकळी जागा हेरतो, पळून धावा काढतो. क्षेत्ररक्षकांनाही काम मिळते. हौशी सॉफ्टबॉलमध्येही काही ठिकाणी एका संघाच्या होमरनवर मर्यादा असते आणि त्यापुढील होमरनला फलंदाज बाद ठरतो. क्रिकेटमध्येसुद्धा १९१० पूर्वी चेंडू नुसता सीमेपार जाऊन भागत नसे. सहा धावांसाठी तो मैदानाबाहेरच जावा लागे.

तथापि या नियमालाही तारतम्य हवे. शाळेचे प्रशस्त पटांगण असताना उंच टोल्याला बाद देणे, हा चांगल्या फटकेबाजावर अन्याय होय. तेथे त्याचा षटकार त्याला मिळालाच पाहिजे.

प्रश्न केवळ धावांचा नाही. कालव्याचे पाणी पोहोचते तेथे उन्हाळी भात उभे असते. चेंडूमागे धावणारी मुले रोपे तुडवितात, शेतकरी संतापतो आणि दुसऱ्या दिवशी खाचर खेळाला बंद होते. नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांनी व पंचांनी चारही बाजू पायी फिरून सीमा आणि षटकाराचा नियम ठरवावा, तो सर्वांना ऐकवावा. उभ्या पिकाची बाजू वर्ज्य मानावी. गावठाणातील मोकळी जागा खेळासाठी राखण्याचा विचार ग्रामपंचायतीने करावा; कारण खाचर काही महिन्यांचेच असते, मुलांचे खेळणे मात्र बारमाही असते.