सुई न टोचता दवाखान्यातली नोकरी

आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज दवाखान्यातल्या नोकरीबद्दल सांगायचंय. तुम्ही लगेच म्हणाल, ‘आम्हाला कुठं सुई टोचता येते? रक्त बघितलं की घेरी येते.’ आमच्यातली एक अगदी तशीच आहे. आधी घरी शिवणकाम करायची. आज ती तालुक्याच्या एका दवाखान्यात कामाला जाते, आणि तिनं आजवर कुणाला सुई टोचलेली नाही.

ती तिकडं कशी वळली, ते ऐका. काही वर्षांपूर्वी तिच्या सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. शहरातल्या खाजगी दवाखान्यात नेलं. तिनं गंठण मोडलं, आम्ही गटातून कर्ज दिलं. सासरे बरे होऊन घरी आले. मग भेटायला आलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, ‘रेशनकार्ड दाखवलं नव्हतं का?’ तो दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतला होता. आत शिरल्या शिरल्या आरोग्यमित्राचं टेबल होतं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याच टेबलापुढून ये-जा केली. आम्ही विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. या योजनेत आधी मंजुरी घ्यायची असते. बिल भरून घरी आल्यावर कागद दाखवून काय उपयोग? ते कर्ज फेडायला तिला दोन वर्षं लागली.

तेव्हाच ती म्हणाली, ‘डॉक्टर चांगला होता. आपण बुडालो ते कागदापायी.’

मैत्रिणींनो, डॉक्टर आणि नर्स पेशंटला बघतात. पण केसपेपर काढणं, जुने कागद जागेवर लावून ठेवणं, कॉम्प्युटरवर नोंद करणं, बिल बनवणं, औषधांच्या साठ्याचं रजिस्टर ठेवणं, योजनेचे कागद तपासणं, ही सगळी कामंही कुणीतरी करतंच. आणि यातलं बरंचसं आपण आधीपासून करतोय. गटाची वही कोण लिहितं? कर्ज, व्याज, हप्ता, बँकेची पावती, एक रुपया चुकला तरी बैठक उठत नाही. ही सवय तिकडं कामाला येते.

मग करायचं काय? दहावी-बारावी अर्धवट राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. बारावी झाली असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घर सांभाळून पदवी घेता येते. सोबत एमएस-सीआयटी आणि मराठी टायपिंग करा. शिक्षणाची अट जागेप्रमाणं बदलते, म्हणून आधी जाहिरात नीट वाचा, मगच फी भरा. आमच्या एकीनं ‘नोकरीची हमी’ असलेल्या कोर्सला पैसे भरले. सर्टिफिकेट मिळालं, नोकरी नाही. तुम्ही तसं करू नका. ज्या दवाखान्यात काम करायचंय, तिथंच जाऊन विचारा की इथं हे सर्टिफिकेट चालतं का.

दुसरी बाजूही सांगतो. यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. आमच्या मैत्रिणीचा पगार फार मोठा नाही. पण शिवणकाम लग्नसराईत असायचं आणि पावसाळ्यात बसायचं, हा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. सणासुदीलाही कामावर जावं लागतं. रांगेतली माणसं घाबरलेली असतात, म्हणून चिडतात. सुरुवातीला ती घरी येऊन रडायची. आता म्हणते, ‘मी पण त्या रांगेत उभी होते.’ माणूस समोर आला की ती आधी विचारते, ‘रेशनकार्ड आणलंय का? आधार आहे का?’ आणि आरोग्यमित्राच्या टेबलाकडं बोट दाखवते. तुम्हीही हे लक्षात ठेवा. योजनेची चौकशी १५५३८८ या नंबरवर करता येते.

शेवटचं एक. एकदा आम्ही तिला खोदून विचारलं, ‘आपल्या आळीतली सून तुझ्या दवाखान्यात आली होती म्हणे. काय झालंय तिला?’ ती म्हणाली, ‘ते मी दवाखान्यातच ठेवून येते.’ आम्हाला राग आला. गटातली बाई आमच्याशीच परक्यासारखी वागली, असं वाटलं. घरी जाताना लक्षात आलं की उद्या आमचाही केसपेपर तिच्याच हातात जाणार आहे.

हे काम करायचं मनात असेल तर हिशोब आणि टायपिंग शिकता येईल. पण ऐकलेलं पोटात ठेवता येतं का, हे आधी स्वतःला विचारा. येत असेल, तर पुढच्या बैठकीत गटात विषय काढा. आमच्या गटानं तिला एमएस-सीआयटीच्या फीसाठी कर्ज दिलं होतं. ते तिनं पगारातून वेळेत फेडलं.