खर्जाचीं दोन वाद्यें

ज्या घरांत संगीताची आवड आहे, त्या घरांत एखादे दिवशीं मुलगा किंवा मुलगी बेस गिटार हवी म्हणून हट्ट धरते, आणि वडील मंडळी किंचित् गोंधळांत पडतात. सतार, तबला, पेटी, व्हायोलिन हीं वाद्यें त्यांच्या परिचयाचीं असतात; सहा तारांची साधी गिटारही आतां परकी राहिलेली नाहीं. परंतु चारच तारांचें, लांब दांडीचें, एकटें वाजविलें तर फारसें मनोरंजन न करणारें आणि ध्वनिवर्धकाला जोडल्याशिवाय जवळजवळ मुकें असणारें हें वाद्य घ्यावयाचें तरी कशाला, असा प्रश्न त्यांना पडतो. प्रश्न रास्त आहे. ज्या गाण्यांत हें वाद्य असतें, तें गाणें ऐकतांना बहुतेकांच्या तें ध्यानांतही येत नाहीं. तें मध्येंच थांबलें म्हणजे मात्र साऱ्या गाण्याच्या पायांखालची वाळू सरकल्यासारखें वाटतें. या वाद्याच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदाला सुमारें ४१ कंपनांचा असतो. साध्या गिटारीच्या सर्वांत खालच्या स्वराच्याही तो पुरतें एक सप्तक खालीं आहे. खर्ज भरणें हेंच याचें काम.

घरच्यांची समजूत पटली, पैसे बाजूला काढले गेले, आणि मंडळी दुकानांत गेली, कीं खरी पंचाईत सुरू होते. भिंतीवर एकाच कारखान्याचीं, एकाच रंगाचीं आणि जवळजवळ एकाच किंमतीचीं दोन वाद्यें टांगलेलीं असतात. एकावर 'प्रिसिजन' असें लिहिलेलें असतें, दुसऱ्यावर 'जॅझ'. दुकानदारास विचारावें तर तो 'दोन्ही उत्तम आहेत' असें सांगतो. हें उत्तर खरें असतें आणि अगदीं निरुपयोगी असतें. मध्यम स्थितींतील कुटुंबांत अशी खरेदी वारंवार होत नाहीं. आणि हाताला न रुचलेलें वाद्य सहा महिन्यांत कपाटावर जाऊन बसतें व त्याच्याबरोबर शिकणाराची हौसही तेथेंच बसते. तेव्हां या दोन वाद्यांत भेद कोणता, आणि तो कोणाला कितपत महत्त्वाचा, हें आधीं समजून घेणें बरें.

या वाद्यांचें जन्मस्थान अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत फुलर्टन या गांवीं आहे, आणि त्यांचा जनक कोणी बजवय्या नव्हता. लिओ फेंडर (१९०९-१९९१) हे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करीत. १९३८ सालीं त्यांनीं फुलर्टन येथें त्याच कामाचें दुकान थाटलें. गिटारीच्या इतिहासांत अजरामर झालेल्या या माणसाला गिटार वाजवितां येत नसे. (रेडिओवरील भाषणांत ही हकीकत सांगतांना थोडा अभिमान डोकावला, तर तो क्षम्य मानावा.) त्या काळीं नृत्यगृहांतून खर्जाची बाजू सांभाळणारा वादक डबल बेस नांवाचें पुरुषभर उंचीचें वाद्य घेऊन हिंडत असे. तें गाडींत मावत नसे, पितळी वाद्यांच्या गजरांत ऐकूं येत नसे, आणि त्याला पडदे नसल्यामुळें स्वर नेमका लागणें हें सर्वस्वीं हातावर व कानावर अवलंबून असे. फेंडर यांनीं १९५१ सालीं भरीव लाकडाची, पडदे बसविलेली, विजेच्या साह्यानें वाजणारी चार तारांची गिटार बाजारांत आणली. आणि पडद्यामुळें स्वर अचूक लागतो म्हणून तिला 'प्रिसिजन', म्हणजे अचूकपणा, हें नांव दिलें. न्यायानें बोलावयाचें तर सिॲटल शहरीं पॉल टटमार्क यांनीं १९३६ च्या सुमारासच या जातीचें वाद्य तयार केलें होतें. परंतु तें फारसें पसरलें नाहीं, आणि बाजारांत जो टिकला त्याच्याच नांवानें इतिहास लिहिला गेला.

१९५७ सालीं प्रिसिजनला आजचें रूप मिळालें. पुढें १९६० सालीं त्याच कारखान्यानें जॅझ बेस काढली. जॅझ संगीत वाजविणाऱ्यांना तिची अरुंद दांडी पसंत पडेल, अशी कारखान्याची अटकळ होती. नांव त्यावरूनच पडलें. त्या वेळीं ती प्रिसिजनहून बरीच महाग होती. आज मात्र फेंडरच्या, किंवा फेंडरच्याच मालकीच्या 'स्क्वायर' या स्वस्त छापाच्या, कोणत्याही एका मालिकेंत दोहोंच्या किंमतींत नांव घेण्यासारखा फरक नसतो. म्हणून निर्णय पैशानें होत नाहीं. तो हातानें आणि कानानें करावा लागतो.

प्रथम हाताचें पाहूं गेल्यास, ज्याला सतारीवर मेरू म्हणतात, त्या दांडीच्या वरच्या टोकाशीं प्रिसिजनची रुंदी सामान्यतः ४१ ते ४४ मिलिमीटर असते, आणि जॅझची ३८. चार-पांच मिलिमीटरांचा हा भेद कागदावर क्षुल्लक दिसतो, पण मुठींत लगेच जाणवतो. यावरून एक सल्ला सर्वत्र दिला जातो, कीं हात लहान असेल तर जॅझ घ्यावी. हा सल्ला अर्धाच खरा आहे. दांडी रुंद असली म्हणजे पातळ तारेवरून जाड तारेवर जातांना बोट अधिक वाकवावें लागतें, हें खरें. परंतु नवशिक्याचा हात दुखतो तो बहुधा दांडीच्या रुंदीनें नव्हे, तर लांबीनें. तारेची लांबी दोन्ही वाद्यांत सारखीच, म्हणजे ३४ इंच असते. त्यामुळें मेरूपासून पहिल्या पडद्याचें अंतर दोहोंवर तेंच, सुमारें ४८ मिलिमीटर. आणि पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंत बोटें पसरावयाचीं तर दोहोंवर सुमारें १३० मिलिमीटरांचाच पल्ला गांठावा लागतो. दांडी अरुंद केल्यानें तो एका केसानेंही कमी होत नाहीं.

ज्याला हा पल्ला खरोखरच झेपत नाहीं, त्यानें जॅझ व प्रिसिजन हा वाद सोडून ३० इंची तारेची आंखूड बेस मागावी. तिच्यावर हेंच अंतर ११४ मिलिमीटरांच्या आसपास येतें. तथापि तेवढ्यावर जाण्यापूर्वीं डबल बेसवाल्यांची जुनी युक्ति करून पाहण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकांत व्हिएन्ना येथील फ्रान्झ सिमांडल या आचार्यानें जी पद्धति रूढ केली, तींत खालच्या पडद्यांपाशीं चार बोटें चार पडद्यांवर न ताणतां, तर्जनी, मध्यमा आणि करंगळी एवढ्यांनींच तीन पडद्यांचें काम केलें जातें व अनामिका करंगळीला टेंका देते. ज्या वाद्यासाठीं ही पद्धति निघाली, त्याची तार ४१-४२ इंचांची असते. तेव्हां ३४ इंचांवर ती सहज चालते. कित्येक शिक्षक ही गोष्ट पहिल्याच दिवशीं सांगत नाहींत, आणि विद्यार्थी वाद्यालाच दोष देत बसतो.

आतां आवाज. या गिटारींना पोकळ भोपळा नसतो. तारांच्या खालीं लोहचुंबकांभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचीं वेटोळीं गुंडाळून बसविलेलीं असतात, त्यांना पिक-अप म्हणतात. वरची पोलादी तार कंप पावली, कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तोच पुढें वर्धित होऊन ध्वनिक्षेपकांतून बाहेर पडतो. सतार वाजविणाराला ठाऊक असतें, कीं घोडीजवळ छेडलेली तार कर्कश व टणक बोलते आणि घोडीपासून दूर छेडलेली भरदार बोलते. पिक-अपचेंही तसेंच आहे: तो जेथें बसवावा तेथली बोली तो उचलतो. प्रिसिजनमध्यें एकच पिक-अप, दोन तुकड्यांत विभागलेला, प्रत्येक तुकडा दोन तारांसाठीं, असा तारेच्या मध्यम जागीं बसविलेला असतो. आवाज जाड, गोलसर आणि मधल्या पट्टींत ठसठशीत येतो. जॅझमध्यें सबंध दोन पिक-अप असतात, एक दांडीच्या अंगाला व दुसरा घोडीच्या अंगाला, आणि प्रत्येकाची कमीजास्त करण्याची खुंटी निराळी. दोन्ही पुरे उघडले म्हणजे मधल्या पट्टीचीं कांहीं कंपनें एकमेकांस मारतात. खालचा खर्ज व वरचा खणखणाट शिल्लक राहतो, मध्य किंचित् पोकळ होतो. घोडीजवळचा एकटाच उघडला तर आवाज अनुनासिक व तिखट होतो, आणि जलद तानांसारख्या वादनाचा शब्दनशब्द ऐकूं येतो.

दोन वादकांचीं उदाहरणें येथें देण्याजोगीं आहेत. डेट्रॉइट येथील मोटाउन या ध्वनिमुद्रण-संस्थेसाठीं १९६० नंतरच्या दशकांत ज्या असंख्य लोकप्रिय ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांतील पुष्कळांवर जेम्स जेमरसन (१९३६-१९८३) यांची बेस आहे. त्यांचें वाद्य प्रिसिजन, तारा सपाट गुंडाळीच्या, आणि उजव्या हाताचें बहुतेक सर्व काम एकट्या तर्जनीवर. गाणाऱ्याच्या मागें उभें राहून गाण्याला चालविणें म्हणजे काय, हें तेथें ऐकावें. उलट जाको पास्तोरियस (१९५१-१९८७) यांनीं १९६२ सालच्या बनावटीच्या जॅझ बेसचे पडदे काढून टाकले, आणि १९७६ सालीं निघालेल्या स्वतःच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत या मागच्या बांकावरील वाद्यास पुढें आणून गावयास लावलें. अचूकपणासाठीं बसविलेले पडदे उपटून काढल्यावर हें वाद्य इतकें गोड बोलावें, यांत थोडी गंमत आहे खरी.

विजेच्या गुणगुणीचा मुद्दा दुकानांत कोणी काढीत नाहीं, पण घरीं तो रोज भेटतो. भारतांत घरगुती वीज सेकंदास ५० आवर्तनांची असते. दिवे, पंखे, वीजवाहक तारा यांपासून निघणारी तिची गुणगुण पिक-अपच्या वेटोळ्यांत शिरते. प्रिसिजनच्या पिक-अपचे दोन तुकडे एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असल्यामुळें ती आपोआप कापली जाते. आजच्या जॅझमध्यें हेंच काम दोन पिक-अप मिळून करतात. मात्र दोन्ही सारखेच उघडे असतील तेव्हांच. एक खुंटी कमी केली कीं गुणगुण डोकें वर काढते, आणि जॅझ घेण्याचा अर्धा आनंद तर त्या खुंट्या फिरविण्यांतच असतो.

हें सर्व जमेस धरतां, पहिलेंच वाद्य घेणाऱ्यास प्रिसिजन घ्यावी असें सांगणें योग्य दिसतें. दोनच खुंट्या, एकच आवाज. शिकणाऱ्याचें लक्ष आवाज शोधण्यांत न जातां ताल सांभाळण्यांत जातें. शिवाय दोन गिटारी, ढोल व गायक यांच्या मेळ्यांत तिची मधली पट्टी बुडत नाहीं. घरीं एकट्यानें ऐकतांना मोहक वाटणारी जॅझ अशा गर्दींत कधीं कधीं विरून जाते. ज्याचा ओढा अंगठ्यानें तारेवर आघात करण्याच्या वादनाकडे, किंवा बेसवर स्वतंत्र गत वाजविण्याकडे आहे, त्याला मात्र हा उपदेश लागू नाहीं. त्यानें जॅझच घ्यावी.

दुकानांत परीक्षा करतांना दोन्ही वाद्यें एकाच ध्वनिवर्धकाला जोडावींत आणि आवाज सारखा ठेवावा. जें अधिक मोठ्यानें वाजतें तेंच कानाला अधिक चांगलें वाटतें, हा मनुष्यस्वभाव आहे. शक्य तर दुसऱ्या कोणास वाजवावयास लावून स्वतः पाठ फिरवून ऐकावें. नंतर पट्टा खांद्यावर घालून पंधरा मिनिटें उभें राहावें. बाराव्या पडद्यावर बोट दाबून निघणारा स्वर व त्याच जागीं नुसतें बोट टेंकवून निघणारा स्वर जुळतात कीं नाहीं, हेंही पाहावें. न जुळल्यास घोडी सरकवून देण्यास दुकानदारास सांगावें. सर्वांत पातळ तारेवर पांचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर लवकर मरतो. हा दोष या घराण्यांतील पुष्कळ वाद्यांत सांपडतो, आणि एकाच नमुन्याच्या दोन नगांतही कमीजास्त असतो.

वाद्याबरोबर ध्वनिवर्धकाचा खर्च धरावा लागतो. साध्या गिटारीचा लहान ध्वनिवर्धक खर्जाच्या भारानें खराब होण्याचा संभव असतो. बेसचा निराळाच घ्यावा. चाळींत किंवा सदनिकेंत राहणाऱ्यांनीं कानाला लावण्याच्या श्रवणयंत्राची सोय त्यांत आहे का तें पाहावें, कारण खर्ज भिंतींतून सहज पलीकडे जातो, आणि शेजाऱ्यांना गाणें ऐकूं न येतां नुसता धमधमाट ऐकूं येतो. कोंकणपट्टींत व मुंबईंत पावसाळ्याच्या दमटपणानें लाकडी दांडी किंचित् वांकते आणि तारा गंजतात. दांडीच्या पोटांत बसविलेली पोलादी सळई पाव फेरा फिरवून तो बांक काढतां येतो. वाजविणें झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्यात.

आणि ज्यानें जॅझ घरीं आणली, पण ज्याला प्रिसिजनच्या आवाजाची हुरहूर लागली, त्यानें घोडीजवळचा पिक-अप बंद करून सपाट गुंडाळीच्या तारा चढवून पाहाव्यात. आवाज पुष्कळसा त्या बाजूला झुकतो. प्रिसिजनवाल्याला उलट दिशेनें अशी सोय नाहीं. अशा वेळीं विजेची गुणगुण ऐकूं येऊं लागली, तर वाद्य मांडीवर तसेंच ठेवून खोलींत थोडें वळून बसावें. दिशा बदलली कीं ती बरीच कमी होते.