कठीण लाकडासाठी हलकी चेन सॉ

कठीण लाकूड कापायला हलकी चेन सॉ निवडताना आधी लाकूड पाहावे लागते, यंत्र नंतर. सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा तालुक्यात उसाच्या बांधांवर बाभूळ, चिंच, कडुनिंब उभे असतात. पडीक जागेत वेडी बाभूळ माजते, जिला गुजरातीत गांडो बावळ म्हणतात. धुळ्याहून नवापूर, व्यारा, बारडोली करत येणारा महामार्ग इथे मुंबई-अहमदाबाद रस्त्याला छेदतो. याच वाटेने धुळे-नंदुरबारचे ऊसतोड मजूर दरवर्षी दक्षिण गुजरातेत उतरतात. हंगामात कोयता सगळे काम निभावतो. पावसाळ्यात बांधावर आडवी झालेली बाभूळ मात्र कोयत्याला दाद देत नाही. तिथे करवतच लागते.

कठीण लाकूड म्हणजे नेमके कोणते? वनस्पतिशास्त्र सगळ्या रुंदपानी झाडांना या गटात बसवते, पण त्यात नखाने खरवडता येणारी सावर आणि पांगाराही येतात. करवतीच्या दृष्टीने वजन हा अधिक खरा अंदाज. वाळलेल्या सागाचा एक घनमीटर सुमारे 650 किलो भरतो, बाभळीचा 800 किलोच्या आसपास. खानदेशातल्या डोंगरांवरचा अंजन तर 1000 किलोच्याही पुढे जातो, म्हणून त्याचा ओंडका पाण्यात बुडतो. साग वजनाने मध्यम असला तरी त्याच्या लाकडात वाळूतलेच द्रव्य, म्हणजे सिलिका, असते आणि ती धार लवकर खाते. तेच झाड ओले असताना सोपे जाते; वर्षभर वाळले की यंत्राचा कस पाहते.

दुसरा मुद्दा यंत्राच्या वजनाचा. आंद्रेआस श्टील यांनी 1926 साली जर्मनीत तयार केलेली विजेवरची चेन सॉ दोन माणसांनी धरावी लागे. आज 25 ते 45 सीसीची पेट्रोल करवत एका माणसाला पेलते. पण माहितीपत्रकातले वजन बहुधा पट्टी (जिच्याभोवती चेन फिरते), चेन, पेट्रोल आणि तेल वगळून दिलेले असते. 4.8 किलो लिहिलेल्या करवतीला 16 इंची पट्टी आणि चेन लावली, दोन्ही टाक्या भरल्या, की हातात सव्वासहा किलोंच्या आसपास येते. म्हणून दुकानात यंत्र भरलेल्या टाकीनिशी, पट्टी लावून उचलून पाहावे. आडवे धरल्यावर पट्टीचे टोक खाली ओढत असेल, तर मनगट अर्ध्या तासात भरून येते. थोडी जड असूनही तोल सांभाळणारी करवत त्यापेक्षा कमी थकवते.

तिसरा मुद्दा पट्टीच्या लांबीचा. बाजारात 58 सीसीचे इंजिन आणि 22 इंची पट्टी अशी जोडी स्वस्तात मिळते, आणि मोठे तेच चांगले असे गिऱ्हाइकाला वाटते. प्रत्यक्षात पट्टी ओंडक्याच्या जाडीपेक्षा दोन इंच लांब असली की पुरते. बांधावरची बाभूळ बहुधा आठ-दहा इंचांची. तिला 12 इंची पट्टी पुरेशी. जाडी दुप्पट झाली की कापायचे क्षेत्र चौपट होते. म्हणून सहा इंची फांदीवर सुरेख चालणारी 25 सीसीची करवत बारा इंची ओंडक्यात रखडते. घरच्या आणि शेतीच्या कामाला 35 ते 45 सीसी आणि 12 ते 16 इंची पट्टी हा मध्यम मार्ग. छोट्या इंजिनावर लांब पट्टी चढवली, तर इंजिनाची ताकद चेन ओढण्यातच जाते.

कापते ती चेन, आणि तिची कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये 1946 साली जो कॉक्स हा लाकूडतोड्या एका ओंडक्यातली भुंगेऱ्याची अळी न्याहाळत बसला. अळीचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वाकलेले होते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे ते लाकूड कुरतडत होते. त्या जबड्यांवरून त्याने चेनचे कटर घडवले. आजही चेनवर डावा, उजवा, डावा, उजवा असे कटर बसतात. कठीण किंवा मातकट लाकडासाठी गोलसर कोपऱ्याचे कटर घ्यावेत. टोकदार कोपऱ्याचे वेगाने कापतात, पण लवकर बोथट होतात.

धार तपासायची खूण भुशात असते. धारदार चेन जाडसर चिपऱ्या उडवते; बोथट चेन पिठासारखी पूड काढते, लाकूड काळे पडते आणि माणूस करवतीवर जोर देऊ लागतो. छोट्या करवतींच्या चेनला बहुधा 4 मिलिमीटरची गोल कानस लागते, कोन साधारण 30 अंशांचा. कठीण लाकडासाठी तो 25 अंशांपर्यंत आणला तर धार जास्त टिकते. दर टाकीनंतर प्रत्येक कटरवर दोन-तीन हात कानस फिरवावी. बांधावरच्या झाडाने कुंपणाची तार किंवा खिळा गिळलेला असतो. तो आधी शोधला नाही, तर एका झटक्यात चेन जाते.

पेट्रोलचे इंजिन टू-स्ट्रोक असते. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिले असेल, तर एक लिटर पेट्रोलमध्ये 20 मिलिलिटर तेल मिसळावे. उसाच्या पट्ट्यात इथेनॉल सर्वांच्या ओळखीचे आहे. देशातल्या पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण 2025 साली 20 टक्क्यांवर पोचले. अनेक करवतींच्या पुस्तिका मात्र 10 टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणतात. इथेनॉल ओलावा ओढून घेते, म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करावी. बॅटरीची करवत हलकी आणि शांत असते, पण चार-सहा इंची छोटी यंत्रे मनगटाएवढ्या फांद्यांपुरतीच ठीक. दिवसभर कठीण लाकूड कापायचे असेल, तर जास्तीच्या बॅटऱ्यांचा खर्च धरावा लागतो.

हलकी करवत एका हाताने चालवण्याचा मोह पडतो, तो टाळावा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून पुढे चेन ब्रेक, म्हणजे उसळताच चेन थांबवणारी कळ, असलेलीच करवत घ्यावी, आणि चष्मा, बूट, कानरक्षक यांचा खर्च तिच्या किमतीतच धरावा. झाड तोडण्यापूर्वी परवानगीही पाहावी. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड कायद्यात साग, खैर, चिंच, अंजन अशा झाडांची यादीच आहे, आणि स्वतःच्या शेतातल्या झाडांनाही ती लागू होते. गुजरातेत नियम वेगळे, तरी साग तिथेही विनापरवाना तोडता येत नाही.

एकंदरीत, 40 सीसीच्या आसपासचे इंजिन, 14 इंची पट्टी, गोलसर कटरची चेन आणि खिशात एक कानस, एवढ्यावर बांधावरची बाभूळ निघते. शंभर किलोमीटरच्या आत सुटे भाग आणि दुरुस्ती मिळत नसेल, तर तो ब्रँड कितीही हलका असला तरी घेऊ नये.