दुखत नाही, हीच तर भीती

मागच्या भागानंतर एका ताईंनी विचारलं, "सासऱ्यांच्या पायाची जखम भरत नाहीये. मधुमेह आहे. ते शॉकवेव्ह म्हणतात, ते घ्यावं का?" हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी मी बाबांसाठी विचारला होता.

बाबांच्या चपलेतला खिळा तळव्यात घुसला, अंगठ्याच्या खाली. त्यांना पत्ताच नाही! फरशीवरचे डाग आईला दिसले, तेव्हा कळलं. "दुखत नाही गं, होईल बरं." दोन महिने ड्रेसिंग केलं, जखम तश्शीच. मग कुणीतरी म्हणालं, अंगठा काढावा लागेल. त्या रात्री मी मोबाइलवर शोधत बसले आणि हे मशीन सापडलं.

आधी एक सांगते, हा विजेचा झटका नाही. या आवाजाच्या जोरदार लहरी असतात. १९८० साली म्युनिकमध्ये अशाच लहरींनी पहिल्यांदा एका रुग्णाचा मूतखडा फोडला गेला. जखमेसाठी त्या बऱ्याच कमी जोराने सोडतात. तिथल्या पेशी जाग्या व्हाव्यात, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटाव्यात, हा हेतू.

डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मधुमेही पायाच्या जखमांसाठी अशा एका यंत्राला परवानगी दिली. ३३६ रुग्णांवर चाचण्या झाल्या होत्या. २४ आठवड्यांनी खऱ्या लहरी मिळालेल्यांपैकी ४४ टक्क्यांची जखम भरली, आणि नुसतं लटकं मशीन लावलेल्यांपैकी ३० टक्क्यांची. म्हणजे फायदा आहे. पण निम्म्याहून जास्त जणांची जखम खऱ्या मशीननेही तोवर भरली नव्हती. आणि ते ३० टक्के? ते नेहमीच्या उपचारांवरच बरे झाले.

हे आकडे घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाबांना विचारलं, "काका, रात्री बाथरूमला कसे जाता?"

"चालत. दुखत नाही ना!"

डॉक्टर म्हणाले, "मशीन पाच-दहा मिनिटं चालेल. तुम्ही दिवसभर त्याच जखमेवर उभे राहता. कोण जिंकेल?"

त्यांनी पायातला रक्तप्रवाह तपासला, जंतुसंसर्ग नाही ना ते पाहिलं, जखमेतला मेलेला भाग काढला आणि गुडघ्याखाली प्लास्टर घातलं. त्याने वजन सगळ्या पायावर विभागतं, जखमेवरचा दाब कमी होतो. दर आठवड्याला ते बदलायचं. सोबत साखरेवर लक्ष. "एवढं करूनही जखम हलली नाही, तर मशीनचं बघू."

बाबा चिडले, कुरकुरले. पण तिसऱ्या प्लास्टरला जखम आक्रसलेली दिसली. अंगठा वाचला. मशीनपर्यंत जावंच लागलं नाही.

तर ताई, मशीनबद्दल जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, पायावरचं वजन काढलंय का? रक्त पोचतंय का? साखर किती आहे?

आणि तुम्ही सगळे, आज झोपण्याआधी घरातल्या मधुमेही माणसाचे तळवे बघा. आई आता रोज बघते, चष्मा लावून. बाबा अजून म्हणतात, "अगं, दुखत नाहीये." आई म्हणते, "म्हणूनच बघते."