व्यवसायोपचार आणि आपले घरचे डॉक्टर

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेतील व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी पूर्वजांचे गुणगान करावे अशी रीत आहे, व ते काम आमच्यापूर्वीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे केले आहे. आम्हांस मात्र एका कबुलीपासून आरंभ करणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वेदीसेवकांत एक नऊ वर्षांचा मुलगा होता. झग्याची बटणे त्यास लावता येत नसत, घंटी हातून निसटे, आणि धर्मशिक्षणाच्या वहीतील त्याचे अक्षर कोणास लागत नसे. आम्ही त्यास आळशी ठरविले, आणि इतर मुलांदेखत तसे बोलूनही दाखविले. पुढे त्याची आई त्यास मुंबईस एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली, तेव्हा उलगडा झाला की, मुलाची बुद्धी उत्तम आहे. परंतु हातापायांच्या हालचालींची जुळणी त्यास इतरांप्रमाणे साधत नाही. शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांत अशी पाच-सहा असतात, असे तज्ज्ञ मानतात. पंचवीस वर्षांत अशा किती मुलांस आम्ही आळशी म्हटले असेल, याची मोजदाद आमच्यापाशी नाही.

त्या मुलास जो उपचार सांगितला गेला, त्याचे नाव व्यवसायोपचार. इंग्रजी नाव ऑक्युपेशनल थेरपी. नाव ऐकून पुष्कळांस वाटते की, येथे नोकरीधंदा शिकवीत असावेत. तसे नव्हे. लहान मुलाचा व्यवसाय तो कोणता? जेवणे, कपडे घालणे, खेळणे, लिहिणे. ही कामे ज्यास जमत नाहीत, त्यास ती जमतील अशी वाट शोधून देणे, हे त्या शास्त्राचे काम होय. आपल्या देशात या विद्येची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी काढली. जन्माने त्या अमेरिकन, विवाहाने महाराष्ट्रीय. म्हणजे ही विद्या आपल्या दारापासून एका लोकलच्या अंतरावर इतकी वर्षे नांदत आहे.

परंतु ते अंतरच नडले. त्या मुलाच्या आईस दर आठवड्यास विरार लोकलच्या गर्दीतून मुलास न्यावे लागे. त्या दिवशी वाडीतील फुले कोणी खुडावयाची, धाकट्यास कोणी सांभाळावयाचे? आठ खेपा झाल्या आणि ती थांबली. उपचारास गुण येत नव्हता असे नाही. चमचा धरणे सुधारलेही होते. ती आम्हांस म्हणाली, "फादर, औषध कडू असतं तर पाजलं असतं, पण गाडीत रोज कसं चढू?" यास उत्तर आमच्यापाशी नव्हते.

म्हणून आमचे मत असे बनले आहे की, हा उपचार आपल्या घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मिळाला पाहिजे. इंग्लंडात १९४८ पासून जी राष्ट्रीय आरोग्यव्यवस्था आहे, तीत बहुतेक प्रत्येक कुटुंबाचे नाव एका घरगुती डॉक्टराकडे नोंदलेले असते. आपल्याकडे तशी नोंद नाही. परंतु नाते आहे. आजीचा दमा, बापाचा रक्तदाब व मुलाचा खोकला एकाच माणसास ठाऊक असतो. शिवाय लशीच्या निमित्ताने मूल डॉक्टरांसमोर ठराविक वयास येतेच. नऊ महिन्यांस गोवर-रुबेलाची लस असते, त्या सुमारास मूल आधारावाचून बसू लागलेले असावे. सोळा महिन्यांनंतर दुसरी मात्रा असते. दीड वर्षापर्यंत बहुतेक मुले एकटी चालू लागतात. वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरीत असेल, तर 'डावखुरे होणार' असे म्हणून कौतुक न करता दुसऱ्या हाताची तपासणी करावी. हे पाहण्यास यंत्र लागत नाही, दोन मिनिटे लागतात. आणि दोष आढळल्यास उपचार करणारा त्याच भिंतीपलीकडे बसलेला असावा, एवढेच आमचे मागणे.

सरकारने काही केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरासच झाला. त्यात पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा जाऊन मुले तपासतात, आणि जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवितात, अशी योजना आहे. तपासणी दाराशी आणि उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी, ही तिची मर्यादा.

आम्ही आपल्या परिसरातील दोघा डॉक्टरांशी बोललो. एक म्हणाले, "फादर, माझ्या दोनच खोल्या." खरे आहे. पण दुपारी एकपासून पाचपर्यंत त्या खोल्यांस कुलूप असते! (दुपार ही मुलांच्या निजेची वेळ, अशी हरकत एका मातेने घेतली, तीही रास्त आहे, म्हणून चारनंतरची वेळ धरावी.) लागते काय? एक चटई, पाय टेकतील असे बुटके टेबल-स्टूल, कपड्यांचे चिमटे, तांदळाच्या पिठाचा गोळा, फडके गुंडाळून जाड केलेली पेन्सिल. बाकीचे आईने घरी करावयाचे. मोगऱ्याच्या कळ्या दोन बोटांनी खुडणे व त्या दोऱ्यात ओवणे, याहून चांगला बोटांचा अभ्यास आम्हांस माहीत नाही. आणि तो आपल्या ओट्यावर फुकट होतो. मात्र कोणता अभ्यास कोणत्या मुलास, हे पदवीधर व राज्य परिषदेकडे नोंद असलेल्या माणसानेच सांगावे. चार दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीस लावणारे अलीकडे पुष्कळ झाले आहेत.

आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. मोठ्या रुग्णालयाच्या त्या विभागात मुलास नेले की, मूल मंद आहे अशी कुजबुज सुरू होते, मग बहिणीच्या सोयरिकीपर्यंत ती पोहोचते. म्हणून कित्येक घरे मुलास लपवितात. घरच्या डॉक्टरांकडे गेलेल्या मुलास कोणी विचारीत नाही. खोकला झाला असेल, असे समजतात. लाज धरावी असे यात काही नाही, हे आम्ही जाणतो. पण लाज जाईपर्यंत मूल मोठे होते, आणि लहानपणी जे सहज साधते ते पुढे कष्टाने साधते. पूर्ण बरे होईल असे वचन कोणी देऊ नये, व तुम्हीही मागू नये. बटण स्वतः लागले, तरी त्या घरात पुष्कळ घडले.

महोत्सव समितीने रोषणाईसाठी जी रक्कम ठेविली आहे, तिच्यातील निम्मी काढून एका वर्षापुरते व्यवसायोपचारतज्ज्ञाचे मानधन द्यावे, असा आमचा प्रस्ताव आहे. समितीत यावरून वाद झाला, हे आम्ही लपवीत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी आठवड्यातून दोन सायंकाळ खोली देण्याचे कबूल केले आहे. ज्यांस मूल दाखवावयाचे असेल त्यांनी नाव त्यांच्याकडे सांगावे, आमच्याकडे नको. तो मुलगा आता दहावीत आहे. त्याचे नाव त्याच्या आईने पहिले लिहिले.