हिशेब मागायची सवय



बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणतो, पण त्यांचा पाया अर्थशास्त्राचा. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत ते म्हणाले की, सरकारी खर्च तपासणारा महालेखापरीक्षक हा घटनेतला बहुधा सर्वात महत्त्वाचा अधिकारी. न्यायालयापेक्षाही त्याचं काम त्यांना मोठं वाटलं. मंजूर पैसा त्याच कामाला लागला का, हे तो बघतो.

आता आपल्या घरातलं बोलू. अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा निधी ठेवायचा, ही विशेष घटक योजना देशात १९७९-८० साली आली. २०२५ साली महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी रुपये 'लाडकी बहीण'कडे वळवले. खुद्द खात्याच्या मंत्र्यांनीच नाराजी बोलून दाखवली. बहिणींना पैसे जरूर मिळोत, आपल्याही घरी येतात की! पण ते शिष्यवृत्ती-वसतिगृहाच्या ताटातून का? त्यात आपल्या बहिणीही आहेत म्हणता, तर किती आहेत तो आकडा द्या.

नुसतं चावडीवर बोलून आकडा मिळत नाही. २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दिघ्यातल्या गटाराला, शाळेला किती मंजूर झाले, किती खर्च झाले, विचारा. शिकलेल्या पोरांनी आयाबायांना अर्ज लिहून द्यावेत.

आणि कमिटीला विनंती, आपल्या विहाराच्या वर्गणीचा जमाखर्चही बाहेरच्या फळ्यावर लावा.

जयभीम! नमो बुद्धाय!