खुर्ची सोडण्याचं शिक्षण

रायपूरच्या समता कॉलोनीतून मी, एक निवृत्त फौजी, तुमच्याशी बोलतोय.

१९६५ साली नायजेरियाचे एक तरुण लष्करी इंजिनिअर शिकायला भारतात आले. नाव ओलुसेगुन ओबासांजो. त्यांचा देश स्वतंत्र होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज आणि पुण्याची लष्करी अभियांत्रिकी संस्था, दोन्हीकडे ते शिकले.

लष्करी इंजिनिअरला आम्ही सॅपर म्हणतो. पूल त्यानं बांधायचा, पार दुसऱ्यांनी व्हायचं. काम झालं की पूल उतरवून पुढे निघायचं. मागे नाव राहत नाही.

१९७६ मध्ये राष्ट्रप्रमुख मुर्तला मोहम्मद यांची हत्या झाली आणि सत्ता ओबासांजोंच्या हाती आली. १ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांनी ती निवडून आलेल्या शेहू शगारींच्या हवाली केली. हे पुण्याच्या शिक्षणामुळेच झालं, असा दावा मी करणार नाही.

१९९९ मध्ये ते निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले. २००६ मध्ये त्यांना तिसऱ्यांदा उभं राहता यावं अशी घटनादुरुस्ती आली, ती सिनेटनं फेटाळली. म्हणजे माणूस कितीही चांगला असो, नियमाचा पहारा हवाच.

निवृत्तीनंतर कित्येक महिने मलाही फाटकावरचा सॅल्यूट आठवायचा. तरुण मित्रांनो, नेतृत्वाच्या शिबिरात हुकूम द्यायला जरूर शिका. पण आपल्यानंतर कोण, त्याला पहिल्या दिवसापासून तयार करा.

जय हिंद.